खांब, तुळई, खण

वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्यात कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट अजून सांगतात. कस्तुरी लादलेले उंट गावात आले आणि संघई घराण्यातल्या एका सावकाराने तो सगळा माल विकत घेऊन आपल्या चालू बांधकामाच्या गाऱ्यात कालवायला लावला. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, उंट तर हमखास वाढतात. कारंजा तेवढे श्रीमंत होते यात मात्र शंका नाही. सुरत दुसऱ्यांदा लुटल्यावर १६७० च्या अखेरीस मराठी फौजा वऱ्हाडात शिरल्या त्या याच पेठेवर. गंमत एवढीच, की गोष्टीत सगळा मान गाऱ्याला मिळतो आणि तसल्या घरात गाऱ्याला फारसे काम नसते. ते घर उभे असते लाकडावर. त्या लाकडाची गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून ही वंशावळ.

आधी घर उभे कसे राहते ते पाहू. खाली घडीव दगडाचे जोते. जोत्यावर ठरलेल्या अंतराने तळखडे, म्हणजे खांबांखाली बसवलेले चौकोनी दगड. त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे पसरलेला हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या. पैसा असेल तर कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. नसेल तर किलचण, म्हणजे लाकडाचे तुकडे एकाला एक लावून केलेला थर. त्याच्यावर पाला आणि सगळ्यांत वर पांढरी माती, ठोकून ठोकून बसवलेली. झाले धाबे. भिंती या सांगाड्याच्या बाहेरून चढतात, किंवा खांबांना पोटात घेऊन. ऊन, वारा, चोर आणि भाऊबंद अडवणे हे त्यांचे काम. छताचे ओझे त्यांच्याकडे नाही. निदान रीत तशी आहे. कंजुषी करायची तर बाहेरच्या रांगेतले खांब गाळायचे आणि तुळयांची टोके सरळ भिंतीवर टेकवायची. ती कंजुषी महागात पडते, त्याकडे पुढे येऊच.

वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या पडक्या गढीत गेलात तर हा सगळा धडा उघड्यावर मांडलेला दिसतो. मातीच्या भिंती पावसात विरघळून ढिगारे झालेले असतात, आणि त्या ढिगाऱ्यांमधून खांबांची एक रांग हस्त-तुळईसकट उभी असते. दिंडी दरवाजाची चौकट तर दोन्हीकडची भिंत गेल्यावरही ठाम. आपण अशा जागी ‘सांगाडा उरला’ म्हणतो. खरे पाहता घर उरलेले असते. गेलेले असते ते त्याचे पांघरूण.

या सांगाड्याचे माप म्हणजे खण. चार खांबांमधली जागा तो एक खण. वाडा किती मोठा हे चौरस फुटांत सांगायची पद्धत नव्हती. सात खणांची ओसरी, पाच खणी माजघर, दोन चौकांचा वाडा, असे बोलले जाई. खणाची रुंदी साधारण पाच-सहा फूट. एवढी कमी का, याचे उत्तर जंगलात आहे. मलबारात किंवा ब्रह्मदेशात साग सरळसोट उंच जातो. आपल्याकडच्या कोरड्या डोंगरांवरचा साग चिवट आणि टिकाऊ, पण बुटका, थोडा वाकडा. त्यातून लांबलचक सरळ कडी निघणे अवघड. आखूड कड्या पुरतील एवढ्याच अंतरावर तुळया ठेवायच्या, तुळया पेलतील एवढ्याच अंतरावर खांब. झाडाची उंची अशी घराच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचते. वाड्याच्या सोप्यात बसल्यावर दर दोन पावलांवर खांब का मध्ये येतो, असा प्रश्न शहरातल्या पाहुण्याला पडतो. तो प्रश्न मेळघाटाला विचारायला हवा.

इंग्लंडमधल्या जमीनदारांची लाकडी घरे याच हिशेबाने बांधलेली आहेत, हे कळले की जरा मौज वाटते. तिथे साग नाही, ओक. तिथेही घर मोजायचे ते खांबांच्या दोन जोड्यांमधल्या अंतराने. त्यांचा तो खण मोठा, ढोबळ मानाने सोळा फुटांचा. चेशर परगण्यातला लिटल मोर्टन हॉल हा त्यातला नामांकित. सोळाव्या शतकाच्या आरंभी मोर्टन घराण्याने तो बांधायला घेतला आणि शंभरेक वर्षे त्यात भर घालत राहिले. ओकचा सांगाडा, मधल्या रिकाम्या चौकटींत काटक्यांच्या विणीवर लिंपलेली माती, आणि सांधे कुसू-खाचेचे, म्हणजे एका लाकडाचा दात दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी मेख ठोकून पक्के केलेले. शेवटी हौसेने सगळ्यांत वरच्या मजल्यावर लांबच लांब दालन चढवले आणि त्याच्यावर दगडी लाद्यांचे छप्पर. त्या ओझ्याने खालचा सांगाडा वाकला. आजही तो वाकडाच उभा आहे. ओझे लाकडाला मोडत नाही, आधी वाकवते. वाड्यांच्या तुळयाही हेच करतात.

फरक आहे तो मिरवण्याचा. इंग्रजी घर आपला सांगाडा रस्त्याकडे तोंड करून दाखवते. काळ्या लाकडाचे पट्टे आणि पांढऱ्या मातीचे चौकोन, अशी त्याची ओळख (तो काळा रंग बहुतेक ठिकाणी नंतरची, विशेषतः एकोणिसाव्या शतकातली हौस, मूळचा ओक करडाच असे). आपला वाडा बाहेरून आंधळा. उंच भिंत, एक दरवाजा, वर जमलाच तर एखादा सज्जा. लाकडाचे सगळे वैभव आत, चौकाकडे वळलेले. याला कारण स्वभाव नव्हे, राजकारण आहे. त्याच्याकडे जाण्याआधी आणखी मागे जायला हवे.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेने इथे राजधानी केली. सर्वसेन हा तिचा पहिला राजा. त्याच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमलाच मिळाला. राजधानी होती म्हणजे राजवाडे असणार, अधिकाऱ्यांची घरे असणार. त्यांतले एकही लाकूड आज शिल्लक नाही. पण याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याला एक विहार खोदवून घेतला, आज ज्याला सोळावे लेणे म्हणतात तो. त्यातल्या शिलालेखात विहाराचे वर्णन एखाद्या देखण्या घराचे करावे तसे केले आहे: खिडक्या, दारे, चित्रे, खांब, जिने. आत शिरल्यावर पुढच्या पडवीत उभे राहून मान वर करावी. छताच्या कातळात तुळया कोरलेल्या आहेत, तुळयांवर कड्या कोरलेल्या आहेत, आणि तुळयांच्या टोकांशी हस्त असावेत तिथे ढेरपोटे गण ओझे पेलून बसले आहेत.

डोंगर पोखरून केलेल्या दालनाला तुळईची गरजच नसते. कातळ आपल्याआपणच उभा असतो. तरी कोरक्यांनी तुळया काढल्या, कारण छत म्हणजे तुळई आणि कडी, दुसरे काही असूच शकत नाही, ही समजूत पक्की झाली होती. भाजे आणि कार्ले इथे तर त्याहून आधीच्या लेणीवाल्यांनी दगडी कमानीखाली खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या. कार्ल्याच्या काही सागाच्या फासळ्या दोन हजार वर्षांनीही जागेवर आहेत. म्हणजे वत्सगुल्मच्या घरांचा नकाशा आपल्याकडे नसला तरी त्यांच्या छताचा साचा आहे, आणि तो दगडात आहे. मला वराहदेवाचे लेणे हे वाशीमच्या वाड्याचे पूर्वज वाटते ते या अर्थाने. रक्ताचे नाते सिद्ध करता येत नाही. चेहरा मात्र तोच.

मधल्या हजार वर्षांत दगडाचे दिवस आले. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचे जुने जैन मंदिर, ज्याला हेमाडपंती म्हणायची आपल्याला सवय आहे, ते याच काळातले. तिथेही खांब, हस्त, तुळई हाच क्रम. कमान नाही. दगडाने सुताराची भाषा उचलली होती ती सोडली नाही, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

वाड्याला आपण ओळखतो त्या रूपात आणले ते गढीने. वऱ्हाडात कुठेही जा, गावाची वस्ती ‘पांढरी’वर आणि शेती ‘काळी’त. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर सलग भिंतीचे घर बांधले तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भिंतीला तडे. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने उंच झालेले, चुनखडीचा अंश असलेल्या मातीचे टेकाड. ती इतकी हलत नाही. त्याच टेकाडाच्या माथ्यावर देशमुखाची, पाटलाची गढी. आणि तिथेही घर सुट्या सुट्या तळखड्यांवर ठेवलेले. एखादा तळखडा सूतभर खचला तरी कुसू-खाचेचा सांधा तेवढे वाकून घेतो. विटांची भिंत असे वाकत नाही, ती फाटते.

गढीची माणसे म्हणजे वतनदार. ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार म्हणून बाशीम, म्हणजे वाशीम, येते. तिथल्या देशमुखांना मोगल बादशहांकडून सतराव्या शतकात मोठ्या जमिनी आणि इनामे मिळाली. पुढे अठराव्या शतकात वऱ्हाडाला दोन धनी झाले. निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचा वाटा, दोघांचे वसूलदार एकाच गावात. या दुहेरी अमलाला शेवट १८०३ मध्ये देवगावच्या तहाने आला, आणि त्यानंतर पेंढाऱ्यांनी उरलीसुरली शांतता संपवली. अशा मुलखात रस्त्याकडे नक्षी दाखवणारे घर बांधणे म्हणजे घोडेस्वारांना जेवायला बोलावणे. म्हणून बाहेर बुरूज आणि जाड भिंत, दरवाजामागे अडसर, देवडीत पहारेकरी. आणि आत धान्याचे पेव, भिंतीतले बळद, चौकात तुळस, चौकाभोवती सागाचे खांब. इंग्लंडच्या जमीनदाराला लिटल मोर्टन हॉलभोवती खंदक खणावासा वाटला तरी खिडक्या मोठ्या ठेवता आल्या. आपल्या देशमुखाला खिडकीच परवडत नव्हती.

लाकूड यायचे पैनगंगेकाठच्या आणि पुसद-माहूरकडच्या डोंगरांतून, किंवा उत्तरेकडून मेळघाटातून, बैलगाड्यांवर. मुख्य खांबांना साग. कमी मानाच्या जागी धावडा, ऐन, अंजन. गरिबाच्या घराला कडूनिंब आणि बाभूळ. गावचा वाढई बलुत्यावर वखर-तिफण भरून द्यायचा, पण वाड्याचे काम त्याच्या हातचे नसे. त्यासाठी कसबी सुतार बाहेरून येत आणि काम चालेल तितके महिने तिथेच राहत. वाकसाने तासायचे, सूत मारून खुणा करायच्या, सगळे तुकडे जमिनीवर जोडून पाहायचे, सुटे करायचे आणि मग उभे करायचे. उधईला दूर ठेवायला बिब्ब्याचे तेल, लाकूड कोरडे पडू नये म्हणून जवसाचे. दोन्ही वऱ्हाडातच होणारी.

लिटल मोर्टन हॉलच्या खिडकीवर ती घडवणाऱ्या रिचर्ड डेल या सुताराचे नाव आणि १५५९ हे साल कोरलेले आहे. आपल्याकडे गणेशपट्टीवर गणपती असतो, कधी मालकाचे नाव असते. सुताराचे नाव मला कुठेही दिसले नाही. जातव्यवस्थेने त्याला काम दिले, हक्क दिला, सही दिली नाही.

कारंजा इथे जरा वेगळे पडते. ते गाव देशमुखांपेक्षा व्यापाऱ्यांचे. ‘कारंजा लाड’ या पूर्ण नावातले ‘लाड’ हे तिथल्या व्यापारी समाजाचे, आणि त्या समाजाची मुळे लाट देशात, म्हणजे दक्षिण गुजरातेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस या चार दरवाजांच्या आत सावकारांच्या हवेल्या. तटाचे रक्षण सगळ्या गावाला मिळाल्यामुळे घराला गढीइतके मिटून बसण्याची गरज उरली नाही, आणि लाकूड पुन्हा रस्त्याकडे यायला धजले. काष्ठासंघाच्या दिगंबर जैन मंदिरातले लाकडी कोरीवकाम पाहावे. गुजरातेत जैन मंदिरांचे मंडपही लाकडात कोरायची जुनी रीत होती. पाटणच्या एका मंदिराचा सोळाव्या शतकातला असा मंडप सुटा करून नेण्यात आला आणि १९१६ पासून तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कारंज्याचे कोरीवकाम त्या घराण्याशी नाते सांगते, तर गढीतला खांब मराठ्यांच्या आणि त्यांच्या मागे असलेल्या मोगलांच्या कामाशी. वर निमुळता होत जाणारा सुरूदार खांब, त्याच्या बुडाशी पाकळ्या, दोन खांबांमध्ये लाकडी महिरप आणि महिरपीतून लोंबणारे केळफूल: ही शैली पुण्याहून नागपूरला आणि नागपूरहून वऱ्हाडात पसरली. महिरप वजन पेलत नाही हे लक्षात ठेवावे. ती दोन फळ्यांची कातरून बसवलेली शोभा आहे. ओझे वरून मुकाट्याने तुळईच नेत असते. दगडाने एके काळी लाकडाची नक्कल केली, आता लाकडाने दगडी कमानीची केली. हिशेब फिटला म्हणायचा.

वाशीमचे बालाजी मंदिर याच भोसलेशाहीतले, साबाजी भोसल्यांचे सुभेदार भवानी काळू यांनी १७७९ च्या सुमारास बांधलेले. देवाला दगड मिळाला म्हणून ते आजही धडधाकट आहे. धन्यांचे काय झाले? नागपूरच्या भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीने भरलेला राजवाडा १८६४ मध्ये जळाला. नगारखाना तेवढा वाचला. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, तिथे आता जोती आणि तट. वर्षानुवर्षे तेल पिऊन बसलेला सागाचा सांगाडा एकदा पेटला की थांबत नाही. लाकडी वाड्याचे चार शत्रू असतात, आग, गळती, उधई आणि वाटणी. पहिले तीन सुताराच्या आटोक्यातले होते.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे आले. महसुलाचे काम देशमुख-देशपांड्यांच्या ओसरीवरून तहसील कचेरीत गेले. ओसरीचे सात खण रिकामे पडायला सुरुवात झाली ती इथे. दहा वर्षांनी उलटा वारा आला: अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडी कापसाला असे भाव मिळाले की कारंज्यासारख्या पेठांत नवी घरे, नवे मजले चढले. म्हणजे आज ‘पुरातन’ वाटणारे पुष्कळ वाडे त्या कापसाचे, पेशवाईचे नव्हेत. त्याच दशकात मेळघाटातल्या सागाच्या जंगलांवर सरकारी राखीवपणा आला. लोहमार्ग नागपूरला १८६७ मध्ये पोहोचला. रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड लागत होते, आणि उलट बाजूने तेच लोहमार्ग लोखंडी गर्डर, ब्रह्मदेशचा साग आणि मंगलोरी कवेलू घेऊन येऊ लागले.

गर्डरने खण मारला. लोखंडी तुळई पंधरा-अठरा फूट मधल्या टेकूशिवाय जाते, मग पाच फुटांवर खांब कशाला? आणि गर्डरची टोके खांबावर नव्हे, विटांच्या भिंतीवर ठेवायची. १९०५ पर्यंत बाशीम हा इंग्रजांचा स्वतंत्र जिल्हा होता. त्या काळच्या सरकारी बांधकाम खात्याने कचेऱ्या आणि विश्रामगृहे जाड भिंतींची केली, वर लाकडाच्या कैच्या आणि कवेलू. कैची हे आपल्या सुताराला नवे होते. आपल्या सांगाड्यात तिरपे लाकूड नाहीच. उभे आणि आडवे, बस्स. इंग्रजी ओकच्या घरात तिरप्या आधारांचे जाळे असते, म्हणून ते कलते आणि कलंडत नाही. आपला वाडा काटकोनात सरळ उभा राहतो तो स्वतःच्या वजनाच्या जिवावर. हे कौतुकाने सांगितले जाते, पण ती उणीव आहे, आणि तिची किंमत दिसली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात.

त्या भूकंपाने धाब्याच्या घरांना खलनायक ठरवले. थोडे खरे आहे. दर पावसाळ्याआधी गळती बुजवायला पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा, जुना काढायचा नाही. आजोबापासून नातवापर्यंत छप्पर फूट-दीड फूट जाड होते. पण जी घरे खांबांच्या सांगाड्यावर होती, त्यांतल्या काहींच्या भिंती कोसळल्या आणि माळवद, म्हणजे धाबे, खांबांवर तसेच राहिले. जिथे बाहेरचे खांब गाळून तुळया दगडमातीच्या भिंतीवरच टेकवल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर छप्परही खाली आले. सांगाड्याच्या घरातही जाड भिंत आत पडली तर माणूस वाचत नाही, हेही तितकेच खरे. दोष लाकडाला देऊन सगळ्यांनी सिमेंट घेतले. तिरपी लाकडे मारून आणि माती उतरवून तीच घरे भक्कम करता आली असती, हे सांगणारे अभियंतेही तेव्हा होते. त्यांचे फार कुणी ऐकले नाही.

आता वाड्यांचे लाकूड विकले जाते. चार भावांत वाटणी झाली, दोघे पुण्यात, एक नागपुरात. दुरुस्तीला कुणी पैसा काढत नाही, आणि जुना साग घेणारा दलाल रोख मोजतो. खांब, गणेशपट्ट्या, दिंडी दरवाजे ट्रकमध्ये चढतात आणि कुठल्या तरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उतरतात. यावर हळहळण्याची रीत आहे. माझी हळहळ अर्धीच आहे. मेख काढली की सुटणारे, दुसरीकडे नेऊन उभे करता येणारे घर, हा या वंशाचा मूळ गुणच आहे. जुन्या वाड्याच्या कड्या नव्या वाड्याला घालणे ही काटकसर सगळे करत. म्हणून एकाच माळवदाखाली दोन-तीन वयांची लाकडे, जुन्या खाचा उघड्या राहिलेल्या तुळया दिसतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल कोथरूडहून सुटा करून आणून पुन्हा जोडलेला आहे. इंग्लंडमध्येही ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात जुनी लाकडी घरे मूळ जागेवरून उतरवून पुन्हा उभी केली आहेत. लाकूड हलते याचे दुःख नाही. दुःख असे की दलाल खांब नेतो, खण नेत नाही. चाळीस खांबांतले सहा देखणे निवडले जातात, बाकीचे करवतीखाली फळ्या होतात, आणि त्या सहांमधले अंतर, म्हणजे तो वाडा, कुठल्याच ट्रकमध्ये नसतो.

गढ्यांची मातीही हलते, पण ती उलट्या दिशेने: पांढरी गाड्या भरभरून शेतात खत म्हणून जाते, आणि तिच्याबरोबर वत्सगुल्मच्या काळापर्यंत मागे नेऊ शकतील असे थरही.

आणि तरी वंश खुंटलेला नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. सरकारी कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, शेते मोडून ले-आउट पडले. तिथे चाललेल्या कुठल्याही बांधकामावर क्षणभर थांबून पाहावे. आधी खड्ड्यांत सुटे सुटे पाये. त्यावर खांब. खांबांवर तुळया. वर स्लॅब. हे सगळे उभे राहून पाणी पिऊन पक्के झाले की मग मिस्त्री मधल्या जागा विटांनी भरायला घेतो, आणि घरमालकाला खिडकी इकडची तिकडे हवी असेल तर खुशाल करून देतो, कारण भिंतीवर ओझे नसतेच. मधली शंभर वर्षे जाड भिंतींनी छप्पर पेलले. आता काम पुन्हा सांगाड्याकडे आले आहे. काळ्या जमिनीत तेच शहाणपणाचे, हे ठरवताना या वेळी वराहदेवाचा विहार किंवा देशमुखाची गढी कुणी पाहिली नव्हती. घर मोजायची भाषाही परत आली आहे. किती खणांचे, असे कुणी विचारत नाही. मिस्त्री विचारतो, ‘किती कॉलमचं करायचं?’ आणि नऊ कॉलमचे की बारा, यावरून शेजारी ऐपत ओळखतात.

एका बाबतीत मात्र नवा सांगाडा या घराण्याचा नाही. तो ओतलेला आहे, जोडलेला नाही. त्यात कुसू नाही, खाच नाही, काढायला मेख नाही. चाळीस-पन्नास वर्षांनी आतली सळई गंजून फुगली आणि सिमेंटचे पापुद्रे सुटू लागले, की त्याचा एकही खांब दुसऱ्या घराला देता येणार नाही. घण घालून फोडायचा, सळई भंगारवाल्याला किलोवर विकायची, आणि मलबा नेऊन टाकायला वर ट्रॅक्टरवाल्याला आपणच पैसे द्यायचे.